एका शब्दाची सूचना

उभं आयुष्य जहाजाच्या इंजिनांत घालवलेल्या पद्माकरांना माणसाच्या शरीराचं फारसं कौतुक नव्हतं. तेही एक यंत्रच, फक्त सुटे भाग मिळत नाहीत, असं त्यांचं मत. १९९६ साली समुद्रावरची नोकरी सोडून ते सिंगापूरच्या ऑफिसात स्थिरावले, आणि त्यांच्या बुकित तिमाहच्या काँडोत नवी जिम उघडली. लोक पोहून आल्यावर तिथल्या यंत्रांवर ओले टॉवेल वाळत घालायचे. पद्माकरांना ते बघवेना. रहिवाशांच्या बैठकीत उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की ऑगस्टपासून वजनं उचलण्याचा वर्ग ते स्वतः घेतील, रीतसर प्रशिक्षक म्हणून. डझनभर बायकांनी तिथल्या तिथे नावं दिली. प्रशिक्षक होण्याचा कोर्स कुठे असतो, याची चौकशी त्यांनी दुसऱ्या दिवशी सुरू केली.

कोर्स शहरातल्याच नोव्हेना भागात सापडला. शिकवायला मिस गो, उंचीने पद्माकरांच्या खांद्याला लागणारी आणि नजरेने वस्तऱ्यासारखी. वजन उचलणं सोपं, उचलायला शिकवणं अवघड, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. नवख्याच्या हाती आधी रिकामा बार, म्हणजे वजनं न लावलेला लोखंडी दांडा, द्यायचा, त्याची पाठ सरळ राहते का ते बघायचं, मगच वजन वाढवायचं. आणि एका वेळी एकच सूचना. पद्माकर मात्र एका दमात सात सूचना देत, वर कण्याची रचना समजावत, अधूनमधून सुएझ कालव्यातला एखादा प्रसंगही सांगत. तोवर समोरचा माणूस बार धरून ताटकळत उभा.

"अंकल," मिस गो शेवटी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "यू टॉक अनटिल द स्टुडंट टायर्ड ऑलरेडी. वन वर्ड इनफ लाह."

पद्माकरांनी ते मनावर घेतलं. घरीही सराव सुरू झाला. जेवताना ते नुसतं "मीठ" म्हणत, "ताक" म्हणत. त्यांच्या पत्नी संजीवनीबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं, मग मीठ-ताक त्यांच्यापासून लांब ठेवायला सुरुवात केली.

परीक्षेत एका अगदी नवख्या माणसाला जमिनीवरून बार उचलायला शिकवायचं होतं. पद्माकरांनी शेजारच्या मनोहरला धरलं. पुण्याहून नुकताच आलेला हा सॉफ्टवेअर इंजिनीअर. कीबोर्डपेक्षा जड काही त्याने उचललं नव्हतं, आणि स्वभावाने तो कमालीचा आज्ञाधारक होता. सूचना मराठीत दिल्या तरी चालतील, असं मिस गो म्हणाली. तिला बघायचं होतं, ऐकायचं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. "मी करतो तसं करा," असं म्हणून पद्माकर करून दाखवत आणि मनोहर तंतोतंत तसंच करी. रिकामा बार झाला, मग थोडी वजनं चढली. मिस गोने मान डोलावली. पुढच्या खेपेला मात्र मनोहर बार मांड्यांपर्यंत आणून ताठ उभा राहिला आणि श्वासच विसरला. चेहरा टोमॅटोसारखा झाला. दम कोंडून धरणं धोक्याचं, हे पद्माकरांना पाठ होतं. 'श्वास बाहेर सोडा' हे अख्खं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण नियम आठवला.

"सोडा," ते म्हणाले.

मनोहरने बार सोडला.

तो दणकन आपटला आणि गडगडत थेट मिस गोच्या पायांकडे निघाला. पद्माकर झेपावले. गुडघे ताठ, पाठ कमानीसारखी. कोर्समध्ये जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्यांनी एका हालचालीत केलं. बार थांबला. पद्माकरही थांबले. कमरेत उसण भरली होती आणि वर येणं बंद झालं होतं.

काका वाकले हे मनोहरने पाहिलं. तोही तसाच वाकला.

"काका, किती वेळ राहायचं?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"टॅक्सी बोलवा," पद्माकर जमिनीलाच म्हणाले.

ते नापास झाले. फेरपरीक्षा जुलैअखेर होती. इकडे बायका लिफ्टमध्ये भेटून वर्गासाठी नवे बूट घेतल्याचं सांगत, आणि पद्माकर आपला मजला येण्याची वाट बघत.

फेरपरीक्षेला ते कमरेला पट्टा बांधून गेले. मनोहर आता नवखा राहिला नव्हता, म्हणून संजीवनीबाईंना नेलं. पद्माकरांना वाकून दाखवता येईना, आणि लांब वाक्य बोललं की कळ येई. खुर्चीत बसून बघत राहणं तेवढं उरलं. ते बघू लागले. बायकोची डावी टाच उचलली जातेय, हे त्यांना दिसलं. ती घाबरली आहे, हेही दिसलं.

"टाच टेकव," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "घाई नाही."

संजीवनीबाईंनी बार उचलला, खाली ठेवला आणि स्वतःच्याच हातांकडे नवलाने पाहिलं. मिस गोने पद्माकरांना पास केलं. आज तुम्ही माणसाकडे बघत होता, एवढंच ती म्हणाली.

परतताना टॅक्सीत पद्माकरांची कळी खुलली. कळा सोसत, थांबत थांबत, आपली शिकवण्याची पद्धत कशी घडत गेली ते त्यांनी सविस्तर सांगितलं. संजीवनीबाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"चांगलं शिकवलंत हो," त्या म्हणाल्या. "पण मग आता दर वर्गाआधी कमरेत उसण भरवून घ्यावी लागणार का?"