मधला परिच्छेद

मैत्री टिकवायची असेल तर मैत्रिणीनं लिहिलेलं वाचू नये, हे सत्य सुधारलेल्या समाजांनी फार पूर्वीच ओळखलेलं आहे. न वाचता कौतुक सहज करता येतं. वाचल्यावर ते जड जातं. अमेरिकेतल्या आम्हा स्पॅनिशभाषक बायकांच्या 'सान आंतोनियो पश्चिम विभाग लॅटिना ब्लॉगलेखिका भगिनी मंडळा'ची उभारणी याच भक्कम पायावर झाली होती, आणि म्हणूनच मंडळात कधी भांडण म्हणून झालं नाही. (आमच्याच चर्चमधल्या बायकांच्या मंडळात तोवर तीनदा फूट पडली होती. त्या एकमेकींचं ऐकून घेत असत.)

मंडळाचा नियम साधा होता. भगिनीचा नवा लेख आला, की रात्रीच्या जेवणाआधी त्याखाली प्रशंसा लिहायची. प्रशंसेत निदान एक 'अगं' असावं, लाल बदाम, म्हणजे हृदयाची चित्रं, असावीत, आणि 'डोळ्यांत पाणी आलं' किंवा 'तोंडाला पाणी सुटलं' यांपैकी एक वाक्य असावं. कुठलं पाणी कुठे आणायचं ते लेखाच्या फोटोवरून ठरवावं. (एका भगिनीच्या आजीच्या दफनाच्या लेखाखाली एकदा बऱ्याच जणींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण फोटोत केकही होता, त्यामुळे सभेनं ते ग्राह्य धरलं.)

अध्यक्षा सुलेमा कांतू. तिचा ब्लॉग मुलांना न रागावता कसं वाढवावं यावर होता. तिची मुलं न रागावताच वाढली होती, हे शेजाऱ्यांच्या कुंड्यांकडे पाहून कुणालाही पटलं असतं. चिटणीस मी, ओदिलिया. मी घर नीटनेटकं ठेवण्याविषयी लिहीत असे. लिहिण्यात इतका वेळ जाई, की घर आवरायला तो उरत नसे. पण लेखक आणि नमुना एकच असावा असा कुठे कायदा नाही.

आणि मंडळाचं भूषण म्हणजे नेरेइदा. तिचा ब्लॉग रांधण्याचा. तिच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी तिचा नवरा एफ्राइन जेवायला बसे, बोटं चाटे, आणि "राणी, तुझ्या हाताला चव आहे" असं म्हणे. आमच्यापैकी कुणाचाच नवरा जेवताना बोलत नसे. त्यामुळे नेरेइदाच्या लेखांखाली 'तुझे यजमान किती भाग्यवान!' हे वाक्य आम्ही सगळ्या जणी मनापासून लिहीत असू. माझ्या नवऱ्याला मी तो शेवट वाचूनही दाखवला होता. "त्याला म्हणावं, घास गिळून बोल," एवढंच तो म्हणाला.

या सुखी संसारात खडा एकच होता. एर्मिनियाबाई. वय झालेल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, आणि आमच्यातल्या निम्म्या जणींना शाळेत स्पॅनिश शिकवलेल्या. बाईंचा स्वतःचा ब्लॉग नव्हता, ही त्यांच्याकडे वेळ असल्याची खूण. त्या आमचे लेख वाचत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि खाली लिहीत: 'चौथ्या ओळीत क्रियापद चुकलं आहे.' बदाम नाही, अगं नाही. सुलेमाच्या एका लेखाखाली, जिथे आम्ही सगळ्यांनी रडून घेतलं होतं, तिथे बाईंनी लिहिलं: 'मुलगा पहिल्या परिच्छेदात सहा वर्षांचा आहे, शेवटच्यात चार. मधे काय झालं?' असल्या वागण्यामुळे समाजातला स्नेह कमी होतो. बाईंना मंडळाच्या वाऱ्यालाही उभं करू नये, असा ठराव पुढच्या बैठकीत यायचा होता.

ती बैठक ईस्टरच्या आधीच्या उपवासांच्या दिवसांत, एका गुरुवारी सकाळी सुलेमाच्या घरी ठरली होती. या दिवसांत आमच्याकडे मांस वर्ज्य करून कापिरोतादा खातात. शिळा पाव, गुळाचा पाक, दालचिनी, बेदाणे आणि वर चीज असा हा प्रकार. (उपवास म्हणजे नक्की काय सोसायचं, हे प्रत्येक धर्मानं आपापल्या परीनं ठरवलेलं आहे.) त्या आठवड्यात नेरेइदानं कापिरोतादावरच लेख टाकला होता आणि आम्ही रीतसर तोंडाला पाणी सोडलं होतं. मी तर लिहिलं होतं, 'अगं, शब्द न् शब्द काळजाला भिडला!' बैठकीला कापिरोतादा तीच आणणार होती.

आम्ही दोघी वाट बघत बसलो. बाकीच्या भगिनी यायच्या होत्या. त्या नेहमीच यायच्या असत. नेरेइदाचा पत्ता नाही. फोन बंद.

"आता फोटो कशाचा काढायचा?" सुलेमा म्हणाली. बैठकीतला हा मुख्य विषय असे. "चल, आपणच करू. तिच्या लेखात आहेच की सगळं."

अशा रीतीनं मंडळाच्या इतिहासात प्रथमच एका भगिनीनं दुसऱ्या भगिनीचा लेख नुसता शेवट न पाहता पहिल्यापासून वाचायला घेतला. सुलेमा एका हातानं पाक ढवळत होती, दुसऱ्या हातात फोन धरून मोठ्यानं वाचत होती, आणि मी पाव कापत होते.

"गूळ विरघळला की दालचिनी घाला," सुलेमा वाचत होती. "मग लवंगा घाला. मग गुरुवारी सकाळी माझी गाठ... ओदिलिया, गाठ म्हणजे काय गं? मसाल्यातलंच काही?"

"सुंठ म्हणायचं असेल तिला. पुढे वाच."

"गुरुवारी सकाळी माझी गर्भाशयाची गाठ काढायची आहे. संध्याकाळी घरी सोडतील, पण न्यायला कुणी जबाबदार माणूस हवं म्हणतात. तसं कुणी नाही. टॅक्सीवाल्याला भाऊ म्हणून उभं करीन. गाठ कसली आहे ते नंतर कळेल. पाक फार घट्ट होऊ देऊ नये." ढवळणं चालूच होतं. "मग बेदाणे."

मग सुलेमाचा चमचा थांबला.

"आज वार कुठला?" सुलेमानं विचारलं.

मी वार सांगितला. पाक करपला तो करपलाच. ते पातेलं सुलेमानं पुढे फुलझाडाला दिलं.

लेखात इस्पितळाचं नावही होतं. तिथे वरच्या मजल्यावर, बसायच्या जागेत, मांडीवर नेरेइदाची पर्स आणि पायाशी तिचे बूट घेऊन एर्मिनियाबाई बसल्या होत्या. भिंतीवरच्या स्पॅनिश सूचनेत त्यांनी लाल पेननं दोन दुरुस्त्या केल्या होत्या आणि तिसरीचा विचार चालू होता.

"बाई! तुम्ही इथे कशा?" सुलेमा म्हणाली.

"लेखात लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. लेखाखाली लिहिलं होतं: टॅक्सीवाल्याला भाऊ म्हणणं हे खोटं बोलणं आहे, गुरुवारी किती वाजता येऊ? तुम्ही सगळ्यांनी त्याच्या खालीच आपापले बदाम ठेवलेत." बाईंनी पेनचं टोपण लावलं. "मला वाटलं, ठाऊक असूनच ठेवताय."

आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या बाईंच्या दोन बाजूंना बसलो.

दुपारी नेरेइदा शुद्धीवर आली. तिला आधी बाई दिसल्या, मग आम्ही. तिनं डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तरी आम्ही तिथेच होतो.

"तुम्हा दोघींना कुणी सांगितलं?"

"तूच तर लिहिलंस, राणी," मी म्हटलं.

"अगं, पण ते वाचायला नव्हतं लिहिलं!" नेरेइदाला रडू फुटलं. "मी मुद्दाम मधे लिहिलं होतं. सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं आणि कुणाला कळायलाही नको होतं. आपल्यात मधलं कधी कुणी वाचतं का?"

इतकी सुरक्षित जागा तिला दुसरी सुचली नव्हती. चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खिडकीमागे निदान पाद्री तरी बसलेला असतो.

"पण एफ्राइन कुठाय?" सुलेमानं विचारलं. "परवाच तर त्यानं तीनदा मागून मागून खाल्लं!"

नेरेइदानं चादरीची कड ओढून धरली. "एफ्राइन ह्यूस्टनला आहे. वर्ष उलटून गेलं. दुसऱ्या बाईकडे."

 गेल्या साऱ्या वर्षात आम्ही ज्या नवऱ्याचा हेवा केला, ज्याच्यावरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारले, तो घरात नव्हताच. रिकाम्या खुर्चीसमोर ताट वाढून, फोटो काढून, मग ती एकटी जेवत होती.

"आणि ती बाई?" सुलेमानं न राहवून विचारलं.

"तिला रांधता येत नाही, असं ऐकते," नेरेइदा म्हणाली, आणि रडता रडता हसली, आणि मग "आई गं" करून तिनं पोट धरलं.

संध्याकाळी परिचारिकेनं विचारलं, जबाबदार माणूस कोण? आम्ही तिघी पुढे झालो. तिनं आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि सही एर्मिनियाबाईंकडून घेतली.

यानंतर मंडळाची मदत सुरू झाली. मंडळाची मदत ही नैसर्गिक आपत्तीसारखी असते: ती एकदम येते, सगळ्या बाजूंनी येते, आणि घरमालकाला काही विचारत नाही. हलका आहार घ्या असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे प्रत्येक भगिनीनं हलका म्हणून जो रस्सा आणला, त्याचे टोप स्वयंपाकघरात मावेनात. मी नेरेइदाची कपाटं आवरून दिली. तिला तिची खवणी अजून सापडलेली नाही. सुलेमाच्या मुलांनी अंगणातलं गवत कापलं, आणि त्याच उत्साहात गुलाबही. एर्मिनियाबाई रोज दुपारी येऊन शेजारी बसत आणि औषधांच्या बाटल्यांवरचं सगळं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवत. गाठ साधी निघाल्याचं कळलं, तेव्हा बाईंनी तो कागदही दोनदा वाचला, आणि त्यात एकही चूक काढली नाही.

मंडळ खडबडून जागं झालं होतं. बाईंच्या विरोधातला ठराव मागे घेतला आणि त्याऐवजी नवा मंजूर केला: यापुढे प्रत्येक भगिनीनं प्रत्येकीचा लेख अथपासून इतिपर्यंत वाचावा. मागचे राहिलेले लेखही वाचून काढावेत.

मंडळ फुटायला आणखी काही करावं लागलं नाही.

मला कळलं, की 'काही बायका घर आवरण्यावर प्रवचनं देतात आणि त्यांच्या गाडीचं दार उघडलं की आतून डबे गडगडत येतात' असं सुलेमानं दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. त्याखाली मी स्वतः लिहिलं होतं, 'अगं, अगदी माझ्या मनातलं!' सुलेमाला कळलं, की माझ्या एका लेखात कुंड्या फोडणाऱ्या मुलांची आई कोण. तिथे तिचे बदाम होते. एकीची मिरचीची चटणी दुसरीच्या ब्लॉगवर आजीच्या नावानं निघाली. आम्ही एकमेकींशी बोलणं टाकलं.

पण बोलणं टाकायचं म्हणजे तोंड चुकवायला हवं, आणि नेरेइदाकडच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. माझी पाळी संपे तेव्हा सुलेमाची सुरू होई. त्यामुळे आम्ही तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या गाडीत डोकावायला तुला सांगितलं कुणी?"

"डोकावायला कशाला हवं? मी दार उघडलं आणि टोपणं माझ्या पायावर पडली!"

"आणि तुझा धाकटा माझ्या मांजरीला कोंबडी म्हणून अंड्यांवर बसवत होता, ते?"

"बायांनो, हसवू नका गं," मधून नेरेइदा ओरडली, "टाके तुटतील!"

तेव्हा आम्ही बाहेर जाऊन भांडलो. मग आत येऊन रस्सा गरम केला.

बरी झाल्यावर नेरेइदानं पहिला लेख लिहिला, तो घेवड्याच्या उसळीवर. त्यात मधे नव्हे, अगदी पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं: 'माझा नवरा मला सोडून गेला आहे, त्यामुळे यापुढे मिठाचं प्रमाण माझ्या चवीनं दिलं जाईल.' आम्ही सगळ्या जणींनी तो वाचला. रडलोही, पण खाली काही लिहिलं नाही. उठून तिच्या घरी गेलो आणि ती उसळ खाल्ली. मीठ जास्त होतं, असं सुलेमा तोंडावर म्हणाली. आता आमच्यात असंच चालतं. स्नेह पूर्वीइतका राहिलेला नाही.

त्या लेखाखाली बाहेरच्या वाचकांच्या मात्र भरभरून प्रतिक्रिया आल्या. 'तोंडाला पाणी सुटलं!' 'तुमचे यजमान किती भाग्यवान!'

तुमच्याकडे असं होत नाही, याची मला खात्री आहे. काल ज्या मैत्रिणीच्या मजकुराखाली तुम्ही 'अप्रतिम' लिहून पुढे गेलात, तिनं मधे काय म्हटलंय ते तुम्ही वाचलं असणारच. तेव्हा फक्त एवढंच विचारते: तिला घरी आणायला कोण जाणार आहे?