कणसाच्या गाड्यावरचा सुपरचार्जर

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून मला एक गोष्ट कळली आहे. ताठ उभं राहून, हात हलवून, मोठ्यानं बोललं की माणसं पटतात. आणि माणसं पटतात, तर गाडी काय चीज आहे!

गाडी म्हणजे आमची चौकोनी तोंडाची, सायीच्या रंगाची म्हातारी. माझ्यापेक्षा वयानं दुप्पट. पप्पा फौजेतून सुभेदार होऊन साताऱ्याला परतले तेव्हा त्यांनी ती जुनीच घेतलेली. अठरा पूर्ण झाली की मी हिच्यावरच शिकणार, हे मी सातवीत असतानाच जाहीर करून टाकलं होतं. पण यंदा तिला काय झालं कोण जाणे. सपाटीला बरी चालायची, चढ दिसला की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. मावशीकडच्यांना घेऊन कासला निघालो, तर यवतेश्वरच्या घाटात अर्ध्यावर सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. मावशी पैठणी नेसून आलेली. तिनं ढकलली, पण तेव्हापासून ती आमच्याशी फक्त व्हॉट्सॲपवर बोलते.

घरी येताच पप्पांनी हुकूम सोडला. रविवारी लोणंदचे भंगारवाले लालासाहेब येणार, गाडी भंगारात जाणार.

"म्हातारी झाली ती. रिटायर," पप्पा म्हणाले.

"रिटायर तर तुमी पण हाय. तुमाला घातलं का कुणी भंगारात?"

आईनं तव्यावरच्या भाकरीकडे बघत हसू दाबलं. पप्पा हसले नाहीत. पप्पा हसतच नाहीत. बर्फात पोस्टिंग होतं तेव्हा त्यांचं हसू गोठलं, ते अजून वितळायचंय.

पण मी हटले नाही. भाकरी गार होईपर्यंत बोलले. शेवटी अट ठरली: रविवारी गाडी न ढकलता घाट चढली, तर ती राहणार. नाही चढली, तर किल्ली मी माझ्या हातानं लालासाहेबांना द्यायची.

लगेच तज्ज्ञांना बोलावलं. अर्जुना मिस्त्रींनी बोनेटला कान लावला, डोळे मिटले आणि गंभीर आजार सांगावा तसं सांगितलं, की इंजिन पार उतरवायचं, बोअर करायचं, पिस्टन नवे, रिंगा नव्या.

"रविवारपर्यंत होईल?" मी विचारलं.

"कुठल्या रविवारपर्यंत?" त्यांनी विचारलं.

ते गेले आणि आष्ट्याहून माझा मामेभाऊ शिवतेजदादा आला. तो डिप्लोमाला मेकॅनिकलला आहे, पण त्याचं खरं शिक्षण व्हिडिओंवर झालंय. तो म्हणाला, नायट्रस मारायचं. डिकीत बाटली बसवायची, बटण दाबायचं, गाडी सुटली रॉकेटसारखी. हा गॅस घातक नाही ना, असं आईनं विचारल्यावर तिची भीती घालवायला तो म्हणाला, "अगं आत्या, ह्योच गॅस दाताचे डॉक्टर देत्यात. माणूस हसाय लागतो."

"हसायचा गॅस हाय व्हय?" आई म्हणाली. "मग गाडीवर कशाला वाया घालवतोस? ह्यास्नी दे की थोडा."

पप्पांनी पेपरचं पान उलटलं.

बाटली रविवारच्या आत मिळणार नव्हतीच. मग मी खुर्चीवर चढले. म्हटलं, इंजिन हा श्वास घेणारा प्राणी आहे! बोअर करून तुम्ही त्याची छाती रुंद करता, नायट्रस म्हणजे त्याला सलाइनमधून ताकद, पण हिची तक्रार साधी आहे. हिला हवा कमी पडतेय. मग बाहेरून हवा कोंबा! सुपरचार्जर! रोगाचं निदान इतकं अचूक केलं होतं मी, की आता आठवलं तरी वाईट वाटतं.

खरा सुपरचार्जर साताऱ्यात मिळेना, सांगलीत मिळेना. शिवतेजदादानं मिळाला तो आणला. आष्ट्याच्या त्याच्या मित्राचा कणसाच्या गाड्यावर निखारे फुलवायचा ब्लोअर. बॅटरीवर चालणारा. तो आम्ही गाडीच्या बॅटरीला जोडला आणि इंजिनात हवा जाते त्या नळीच्या तोंडाला रबरी पाइप लावून, पत्रा गुंडाळून, एवढी चिकटपट्टी मारली की बोनेटखाली कुणाला तरी प्लास्टर घातल्यासारखं दिसत होतं.

रविवारी पप्पा गाडी चालवायला, शेजारी आई, मागं आम्ही दोघं. आमच्या मागं स्कूटरवर लालासाहेब, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी टोपी. ब्लोअर घरघरला. गाडीनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मावशीच्या पैठणीच्या जागी येऊन आचके देत बंद पडली.

बोनेट उघडलं. लालासाहेब स्कूटर लावून आले, आत वाकून बघितलं आणि माझ्यापुढं हात पसरला.

"आण बाळ किल्ली."

मी ताठ उभी राहिले. पहिला नंबर आलेला घसा आहे माझा! "एकदा," मी म्हणाले. "अजून एकदाच." आणि रागानं तो ब्लोअर नळीवरून उपटून बोनेटखालीच बाजूला टाकला. "गेला खड्ड्यात सुपरचार्जर. ती स्वतःच्या दमावर चढंल. पप्पा, मारा स्टार्टर!"

पप्पांनी मारला. गाडी खोकली, गुरगुरली, आणि फाट्ट! नळीतून लाल काहीतरी तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं, लालासाहेबांच्या छातीवर आपटलं आणि फुटलं. धुरळा खाली बसला तेव्हा लालासाहेब टोपीपासून चपलांपर्यंत पिवळेधमक झाले होते.

भंडारा! खंडोबाचा भंडारा. आणि त्यांच्यासमोर गाडीचं इंजिन शिलाई मशीनसारखं सुरेख चाललेलं.

आईनं खाली उतरून फाटलेली लाल पुरचुंडी उचलली. गाठ शाबूत होती.

"आवं," ती पप्पांना म्हणाली, "ट्रंकेला दोरी बांधताना मारता, ती हीच गाठ न्हवं?"

हेच पप्पा दरवर्षी आईनं बांधलेलं लिंबू-मिरची तोडून फेकतात, आणि माझ्या गाडीला असली थेरं नकोत म्हणतात! ते दरीकडे बघत राहिले. "यंदा पालच्या खंडोबाच्या यात्रेत समदे गाडीकडं टक लावून बघत हुते," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, नजर नको लागाय."

"पण नळीत?" मी विचारलं.

"दिसंल असं ठेवलं असतं तर तुमी दोघी हसला असता."

आम्ही दोघी हसलो. शिवतेजदादा तर रस्त्यावर बसला. आणि मग पप्पाही हसले. दात दाखवून, डोळे पुसत, गॅसशिवाय.

लालासाहेब मात्र हात जोडून उभे. देवानं मलाच निवडलं, म्हणाले. आता ही भंगारात न्हाई, घरी नेऊन पूजेला लावतो. मी सांगितलं, भंडारा न्या, गाडी मिळणार नाही. ते पप्पांकडे वळले.

"पोरीनं सांगितलं न्हवं?" पप्पा म्हणाले. "गाडी घरची हाय."

आणि ती चढली! वासरू उधळावं तशी चढली, मागोमाग स्कूटरवर लालासाहेब. वर पोचल्यावर आम्ही कणसं खाल्ली, फोटो काढले, मावशीला पाठवले. दोन-दोन कणसं खाऊन परत आलो, तर बोनेटखाली बाजूला टाकलेला ब्लोअर शेवटचं कण्हत होता. त्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं. बॅटरी ठार.

मग उताराला लागेपर्यंत आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलली. पिवळ्या लालासाहेबांनीसुद्धा, मोठ्या भक्तिभावानं. पप्पांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, पण मी मान वर करूनच ढकलत होते. अट घाट चढायची होती. उतरायचं कुणी काही बोललं नव्हतं.