शलमोनकाकांचं मळकं इंजिन

शलमोनकाकांनी एकदा माझ्याकडे फाटकाचा गंज मागितला. फाटक नव्हे, नुसता गंज. "मास्तर, तुमचा गंज लई जातिवंत हाय. आमच्या दाराला असला येतच न्हाई." मी खरवडून नेऊ दिला. त्यानंतर फाटक रंगवायचा विषय काढला की ते दुखावल्यासारखे बघत.

भिंगारात आमची भिंत सामाईक. काकांनी उभं आयुष्य लष्करी वर्कशॉपात गाड्या रंगवल्या, साहेबाला त्यांत स्वतःच्या मिशा दिसाव्यात अशा. निवृत्त झाल्यावर बहुधा त्याचाच सूड म्हणून त्यांनी पार्सलने रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं वितीएवढं कोरं मॉडेल मागवलं आणि मळवायला घेतलं. पातळ काळा रंग लावायचा, कापसाने पुसायचा. धुराड्यापाशी काजळी, चाकांवर माझा गंज. मग चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचा, "अजून लई नवं दिसतंय." पुतण्याच्या लग्नात नवरदेवाकडे बघूनही ते हेच म्हणाले होते.

मी हसायचो. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. थोरली बहीण रूथताई, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच असतात. तो नवरा, म्हणजे काकांचे दाजी, दौंडच्या रेल्वे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं इंजिन चालवायचे. वर्षानुवर्षं तेच एक. "नाताळला अक्काच्या हातात देनार. मी सांगायच्या आधी तिनं वळखलं पायजे." म्हणून ते कपाटामागे लपवलेलं असे.

नाताळ चार दिवसांवर आला आणि रूथताईंनी साफसफाई काढली. मी चहाला बसलो होतो. काका बाजारातून आले, तर ताई फडक्याने इंजिन कोरडं करत होत्या. "शलमोन, काय घान बसली हुती रं ह्याच्यावर! घासनी लावली तवा कुटं निघाली."

आठ महिन्यांची मेहनत मोरीतून वाहून गेली होती. आता घर डोक्यावर घेतात की काय, असं मला वाटलं. काका पिशवीसकट खुर्चीत बसले. "दाजींचं इंजिन हुतं ते, अक्का," एवढंच म्हणाले.

ताईंनी फडकं खाली ठेवलं. इंजिन उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग एका खिडकीखाली बोट ठेवलं.

"मग हितला रंग उडालेला पायजे. मी डबा घिऊन जायची, तवा हितंच कोपर टेकून वाट बघायचे. सगळ्या सदऱ्यांची तीच बाही फाटायची."

रंगाच्या बाबतीत काका कुणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांनी मुकाट्याने बारीक पॉलिशपेपर काढला आणि बहिणीच्या हातात दिला. ताई घासू लागल्या. मी कपात बघत राहिलो.

थोड्या वेळाने काका वाकून म्हणाले, "बास, अक्का. पत्रा दिसाया लागला."

"बास कसं?" ताई हात न थांबवता म्हणाल्या. "लई वर्षं वाट बघितली त्यांनी."