बाहेरून उघडणारं दार

अप्पांनी गाडी नेहमीसारखी भिंतीला चिकटवून लावली, इंजिन बंद केलं आणि बायको दार उघडेल म्हणून वाट पाहत बसले. मिनिटभराने त्यांना आठवलं की बायको बरोबर नाहीच.

दहा मिनिटांपूर्वीच ती बहिणीच्या फाटकापाशी ताडकन उतरून गेली होती. भांडणाचं कारण हीच गाडी. दोन दारांची, लाल, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स गाडी. अप्पांनी निवृत्तीनंतर ती तिसऱ्या मालकाकडून हौसेने घेतली होती. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आता एक तरी रेघ आपल्या मनासारखी हवी, असं त्यांचं म्हणणं. हिच्यात बसायला वाकावं लागतं आणि उठायला देवाचं नाव घ्यावं लागतं, असं बायकोचं. तिनेच गिऱ्हाईक शोधलं होतं. दातांचे डॉक्टर आज पाच वाजता गाडी न्यायलाच येणार होते.

आता दारांचं सांगायला हवं. अप्पांच्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडे आणि बायकोच्या बाजूचं फक्त आतून. दाराच्या तसल्या मुठी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. मेकॅनिक तीन वर्षं “शोधतोय” म्हणत होता. मग दोघांनी पद्धत बसवली. निघताना अप्पा आधी बसत आणि आतून तिचं दार उघडत. परतल्यावर ती आधी उतरे, अप्पा तिच्या दाराची बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावत आणि ती येऊन त्यांना बाहेर काढी. गल्लीला वाटे, काय हे प्रेम! या वयात एकमेकांसाठी दारं उघडतात. समोरच्या शिक्षिकाबाईंनी यावरून आपल्या नवऱ्याला इतकं ऐकवलं होतं, की ती लाल गाडी दिसली की तो बिचारा घरात जाई. खरं काय ते सांगायची सोयच उरली नव्हती.

अप्पांनी काच खाली घेतली. ती नेहमीप्रमाणे दोन बोटं उतरून थांबली. गाडी भिंतीपासून जरा दूर घेऊन दुसऱ्या दाराने उतरावं, तर तापलेलं इंजिन अर्धा तास सुरू व्हायचं नाही. तोवर उकडू नये म्हणून त्यांनी पंखा लावला. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली तेव्हा बॅटरीने मान टाकली होती.

एवढ्यात शिक्षिकाबाई आल्या.

“भाऊजी, आत का बसलात?”

“असाच.”

“आणि वहिनी?”

“बहिणीकडे.”

“आज गाडी जाणार ना?”

अप्पांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. दार उघडा एवढं म्हणायचा अवकाश होता, पण दोन शब्दांत तीन वर्षांची अब्रू जाणार होती. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि हलक्या पावलांनी परत गेल्या.

मग अप्पांना काही उमजेनासं झालं. निवृत्त पोस्टमास्तर चहा घेऊन आले. पेला फटीतून जाईना, तेव्हा त्यांनी बिस्किटं एकेक करून आत सरकवली आणि कुजबुजले, “माघार घेऊ नका.” कशातून, हे विचारायच्या आत ते गेलेही. मागोमाग आणखी माणसं जमली. सगळी दबक्या आवाजात बोलत होती, जणू आत आजारी माणूस झोपलंय. एक म्हातारी तर बॉनेटवरून हात फिरवून गेली.

आत अप्पांचा गुडघा धरला होता. खुर्चीची स्प्रिंग नको तिथे टोचत होती, पेट्रोलच्या वासाने डोकं भणभणत होतं. बायको तीन वर्षं म्हणत होती ते अक्षरन्‌अक्षर त्यांना पटलं. डॉक्टर आले की किल्ली हातात द्यायची आणि सुटायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

डॉक्टर आले. बाईंनी त्यांना वाटेतच गाठून बरंच काही सांगितलं. ते खिडकीशी आले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

“काका, मी रोज दात उपटतो. पण हा माझ्याच्याने निघायचा नाही. गाडी तुमचीच राहू दे.”

“अहो, पण मी तर...” अप्पा फटीतून किल्ली पुढे करत म्हणाले.

डॉक्टरांनी किल्ली हळूच परत आत ढकलली आणि डोळे पुसत निघून गेले.

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. अप्पांनी गाडीत धरणं धरलंय, अन्नपाणी सोडलंय, असा बाईंचा फोन तिला गेला होता. मांडीवरची बिस्किटं अप्पांनी घाईने खिशात घातली.

“नका विकू,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “मी पुन्हा नाव काढणार नाही.” आणि तिने दार उघडलं.

गल्लीने सुस्कारा सोडला. शिक्षिकाबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो आधीच घरात गेला होता.

“अगं, दार उघडेना म्हणून बसलो होतो,” अप्पा पुटपुटले. “मी विकायला तयार होतो.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. “आता गप्प राहा,” ती ओठ न हलवता म्हणाली. “आणि माझा हात धरून नीट घरात चला.”

आठवड्याने मेकॅनिक उड्या मारतच आला. त्याला मूठ सापडली होती. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली, शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवली आणि झाकण लावलं.

“बसवायची नाही?” अप्पांनी विचारलं.

“आणि समोरच्या बाईंना काय सांगू?”