बोटभर लांब नळी

आमच्या शेजारचे देवरेअण्णा दर रविवारी दिवेलागणीला स्टोव्ह पेटवायचे आणि लोखंडी नळ्यांना गायला लावायचे. थट्टा नाही! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अण्णा मूळचे सटाण्याकडचे, अंबडच्या कारखान्यात फिटर, घरात एकटेच. कमरेएवढ्या उंच दोन नळ्या, प्रत्येकीच्या पोटात खालच्या अंगाला तारेची जाळी. जाळी तापून लाल झाली की नळ्या फडक्यानं धरून दोन विटांच्या फटीवर उभ्या करायच्या. मग तापलेली हवा आतून वर चढायची आणि त्या घुमायच्या, जाळी निवेपर्यंत.

"तापल्याशिवाय कोणी गात नसतं, सर," हे अण्णांचं पालुपद. साहेब ओरडला, बस चुकली, दूध नासलं, सगळ्याला हेच औषध.

एका नळीवर भागलं असतं, पण अण्णांना जोडीच लागायची. दोघी एकदम घुमल्या की आवाज झोपाळ्यासारखा हेलकावायचा. डोळे मिटले की वाटायचं, अख्खी कॉलनी संथ झुलते आहे आणि आपणही तिच्याबरोबर कुठेतरी निघालो आहोत.

पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. एक नळी दुसरीपेक्षा बोटभर लांब, म्हणून तिचा सूर खाली लागतो आणि दोघींचे जुळत नाहीत, हे अण्णांना सांगून थकलो. ते नुसते हसायचे. कांदे काढायला ते गावी गेले, किल्ली माझ्याकडे ठेवून. मी अक्कल पाजळली. करवत आणली आणि लांब नळी बोटभर कापून टाकली.

पुढच्या रविवारी आवाज निघाला सुतासारखा सरळ. मी शाबासकीची वाट बघत उभा. अण्णांनी नळीच्या ताज्या कापावरून अंगठा फिरवला.

"सर, आमची मंडळी जात्यावर गायची, मी साथ द्यायचो. तिचा सूर कणभर खालीच लागायचा. दोघांचा मिळून असाच हेलकावा व्हायचा. ती गेल्यावर ही नळी मी मुद्दाम लांब ठेवली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, गुंडाळून त्या नळीच्या वरच्या तोंडाभोवती घट्ट बसवला. अण्णांनी पुन्हा स्टोव्हला पंप मारला. नळ्या घुमू लागल्या आणि मी पत्रा तसूतसूनं वर सरकवत गेलो. जाळी निवली, पुन्हा तापवली. तिसऱ्या खेपेला आवाज हलला, डुलू लागला. अण्णांनी हात वर केला.

"थांबा सर. आली."

आणि ते तिच्याबरोबर हलक्या आवाजात गाऊ लागले.