मुनीरभावजींची सरळ बंदूक

आमच्या शेजारचे मुनीरभावजी खराटा जरी इकत घ्यायला गेले, तरी आधी त्यो खांद्याला लावून बघत्यात. डावा डोळा झाकायचा, उजव्या डोळ्यानं दांड्यावरनं फुडं बघायचं, दम धरायचा, आन मंग दुकानदाराला म्हनायचं, "दुसरा दाव." छत्री घेतली तरी तसंच. ऊस खायला घेतला तरी आधी सरळ हाय का वाकडा ते बघनार, मंग दात लावनार. येकदा इंदापूरच्या यष्टी स्टँडावर येका म्हाताऱ्याची काठी आवडली म्हनून घेतली हातात आन लावली खांद्याला. काठी गेली आन म्हातारा पडता पडता ऱ्हायला. वर ह्येच त्याला म्हनत्यात, "आजोबा, काठी बेस हाय, तुमीच हलताय."

लोकं हासत्यात. पन ही खोड कुठली ते मला ठावं हाय. मुनीरभावजींनी सारा जल्म जत्रंत फुगं फोडायच्या बंदुकीचं पाल चालवलं. फळीवर फुगं लावल्यालं, म्होरं टेबलावर दोन छऱ्याच्या बंदुका. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी बसवायची आन घोडा दाबायचा. आतली स्प्रिंग सुटती आन छर्रा जातो. फुगं फुटलं तर बक्षीस, न्हाय तर राम राम.

माजं पाल त्यांच्या शेजारी आसायचं. गोडी शेव, रेवड्या, चिरमुरं. आमचं मालक इंदापूरच्या बाजारात हमाल व्हते. हायवे वलांडताना ट्रकनं उडवलं. लगनाला वरीस झालं न्हवतं, पोरगी पोटात व्हती. रडून झालं, मंग उठले, दुसरं काय करनार? पोरगी झाली, तिला पाठीला बांदली आन नरसिंहपूरच्या जत्रंत शेव घिऊन गेले. तितं जागा कोन देतंय? तर मुनीरभावजींनी आपल्या पालाशेजारी गोनपाट हातरून जागा धरून ठिवलीवती. म्हनले, "वैनी, हितं बसा. बंदुकीजवळ गर्दी आसती." येवढंच बोलले. तवापासनं कुठली बी जत्रा आसूद्या, शेजारी शेजारी पाल. त्यांची बायकू लवकर गेली, पोरबाळ न्हाय. घरात मानूस म्हंजी ते येकटे, आन येक कोंबडा. त्यो बी कुनाचं ऐकत न्हाय.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. सकाळी पाल उघडलं की भावजी बंदुकीवरचा नेमाचा स्क्रू जरा डावीकडं फिरवायचे. मंग गिऱ्हाइकानं तांबड्या फुग्यावर नेम धरला की छर्रा जायाचा डाव्या अंगाला, मोकळ्या फळीत. समद्या जत्रंत असंच चालतंय. न्हाय तर पाल दुपारच्या आत उठंल. भावजी सोता मारून दावायचे तवा उजव्या अंगाच्या हिरव्यावर नेम धरायचे आन फुटायचा तांबडा. लोकं म्हनायची, "बंदूक झ्याक हाय, आपलाच हात वाईट." फकस्त रडनारं पोर आसलं की भावजी वाकून त्याच्या कानात सांगायचे, "हिरव्यावर धर." मी शेजारनं ऐकायची आन रेवड्या तोलायची.

वय झालं, पाल बंद झालं आन भावजींना करमंना. येक दिवस सकाळीच वट्ट्यावर यिऊन बसले.

"वैनी, बारामतीला नेमबाजीची स्पर्धा हाय. म्हाताऱ्यांचा येगळा गट हाय. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीनं मारायचं, दुर्बीन न्हाय का काय न्हाय."

"मंग जावा की. घरात दोन बंदुका हायत."

"त्या वाकड्या हायत. मला सरळ पायजे. मरायच्या आदी येकदा सरळ बंदुकीनं मारायचंय."

"मारा. पन मला कशाला सांगताय?"

"तुमी चला संगं. बाईमानूस बरुबर आसलं की दुकानदार खुर्ची देतो."

खुर्ची दिली दुकानदारानं, खोटं कशाला बोलू. पानी बी दिलं. पोरगं नवं व्हतं, हौसेनं येक येक बंदूक काढाय लागलं. भावजी हरेक बंदूक खांद्याला लावायचे, गाल टेकवायचे, डोळा झाकायचे. मंग नळी मोडून उजेडाकडं धरायचे. मंग दस्त्याला कान लावायचे.

"चाचा, कानाला कशाला?"

"स्प्रिंग ऐकतोय. ही कन्हती. दुसरी दाव."

येक लई जड. येकीचा दस्ता लांब, गाल पुरंना. येकीचा घोडा इतका घट्ट की भावजी म्हनले, "ह्यो दाबायला आनखी येक मानूस ठिवायला लागंल." येक चकचकीत व्हती, दुर्बीन लावल्याली, ती हातात बी घेतली न्हाय. पोरानं मोठ्या छऱ्याची दावली, लई जोरात मारती म्हनला. भावजी म्हनले, "मला रानडुक्कर मारायचं न्हाय. स्पर्धंला बारीक नळीचीच चालती." जेवायची येळ झाली. मी भाकरीचं फडकं सोडलं आन दुकानातच खाल्ली.

पोरगं माज्याजवळ यिऊन हळूच म्हनलं, "आजी, तुमचं मालक लई चिकित्सक हायत."

"मालक न्हायत, शेजारी हायत. मालक आसते तर मी कवाच उठून गेले आसते."

शेवटाला येक आवडली. लाकडी दस्त्याची, ना जड ना हलकी. भावजींनी ती पाखराचं पिल्लू धरावं तशी हलक्या हातानं धरली. म्हनले, "स्प्रिंगची बंदूक आवळून धरायची न्हाय. ती आधी मागं येती, मंग फुडं जाती. तिला नाचू द्यायचं." दुकानामागं भिताडाला पुठ्ठा व्हता, काळा ठिपका काढल्याला. भावजींनी मारली. छर्रा उजवीकडं. परत मारली. उजवीकडं. समदे छर्रे येकमेकांला खेटून, पन समदे ठिपक्याच्या भायेर, उजव्या अंगाला.

भावजी म्हनले, "वाकडी हाय."

पोरानं बंदूक घेतली, मारली. ठिपक्याच्या मधी भोक.

भावजींचं त्वांड बघन्यासारखं झालं. मीच बोलले, "आवं, बंदूक सरळ हाय. तुमीच आजून हिरव्यावर धरताय."

जल्मभराची सवय, डोळा सोताहून उजवीकडं जातोय. पोरगं म्हनलं, "चाचा, त्यात काय? नेमाचा स्क्रू डावीकडं थोडा फिरवला की झालं. त्याच्यासाठीच आसतो त्यो." आन स्क्रूड्रायव्हर घिऊन आलं. भावजींनी बंदूक छातीशी धरली आन असं वरडले की रस्त्यावरची लोकं थांबली.

"हात लावायचा न्हाय! आशीच पायजे मला. सरळ!"

घेतली तशीच.

मंग आमच्या परड्यात रोज सकाळी टप टप सुरू. कडब्याच्या पेंडीवर पुठ्ठा, आन भावजी. छर्रे उजवीकडं. म्या म्हनायची, "फिरवा की स्क्रू." भावजी म्हनायचे, "वैनी, म्या जल्मभर स्क्रूच फिरवला. ही येक तरी बंदूक तशीच ऱ्हाऊंद्या." डोळ्याला शिकवायचा लई परयत्न केला. डोळा म्हाताऱ्या बैलावानी, आपल्या वाटंनंच जायाचा. माजी कोंबडी तेवढी परड्यात अंडी घालायची बंद झाली.

स्पर्धंला बी मला नेलंच. भावजींनी धुतल्याली टोपी घातलीवती, अत्तर लावलंवतं. बाकीचे म्हातारे बूट घालून, ह्ये चपलंवर. स्पर्धंवाल्या सायबांनी सांगितलं, आधी नेम तपासायच्या गोळ्या मारा, त्या मोजत न्हाईत. भावजींनी मारल्या. सायेब दुर्बिनीतनं बघून म्हनले, "काका, काय सुंदर मारताय हो! समदे येकाच जागी. फकस्त उजवीकडं हायत. नेम डावीकडं घ्या, नंबर यील तुमचा." आसं म्हनून फुडच्या मानसाकडं गेले.

भावजी उठले. नळी मोडून, बंदूक मोकळी करून माज्या बाकड्यापाशी आले आन बसले. म्या म्हनले, "आता हितवर आलाय, तर फिरवा येकदाचा."

"न्हाय फिरवत."

"का पन? आपलाच नेम आपन नीट करायचा, त्यात कुनाला फसवताय?"

भावजींनी टोपी काढून मांडीवर ठिवली. "वैनी, तुमचं नवं लगीन झालंवतं. नरसिंहपूरच्या जत्रंत तुमचं मालक, किसनराव, माज्या पालावर आलेवते. फुलाफुलांचा आरसा पायजे व्हता त्यांना, तुमच्यासाठी. त्यांचा हात लई चांगला व्हता. म्या बघितलं, ह्यो मानूस आरसा नेतोय. म्हनून त्यांच्या हातात द्यायच्या आदी स्क्रू आनखी थोडा फिरवला. समदे छर्रे फळीत गेले. हासत हासत गेला मानूस. फुडं त्यो ट्रक… म्या कुनाला बोललो न्हाय."

म्या आयकून घेतलं. मला काय ते नवं न्हवतं.

"त्यांना ठावं व्हतं," म्या म्हनले.

"काय?"

"रातचं जेवताना म्हनले, मुनीरची बंदूक डावीकडं मारती. फुडल्या जत्रंला उजवीकडं धरीन आन आरसा आनीन. लई हासले. फुडली जत्रा त्यांच्या नशिबात आलीच न्हाय, येवढंच."

भावजींनी माज्याकडं बघितलं. दोनी डोळं उघडं ठिवून बघितलं. मंग खिशातनं पालावरचा जुना स्क्रूड्रायव्हर काढला आन माज्याफुडं धरला. "माज्या हातानं व्हयाचं न्हाय. तुमी फिरवा."

म्या कधी बंदुकीला हात लावला न्हवता. चष्मा पुसला, स्क्रू बघितला, भावजींनी बोटानं दावलं तसा डावीकडं जरासा फिरवला. येवढंसं काम. त्याला सारा जल्म लागला.

भावजी जागंवर गेले. दम धरला, छर्रा सोडला. सायेब दुर्बिनीला डोळा लावून वरडले, "मधी! काका, अगदी मधी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी पुठ्ठ्याकडं बघितलं बी न्हाय. माज्याकडं वळले आन तितनंच इचारलं,

"वैनी, किसनराव आनखी काय म्हनलेवते?"

आता इतक्या वर्सांचं मला कुठं ध्यानात ऱ्हातंय? पन मानूस आशेनं बघत व्हता. म्या म्हनले, "म्हनले, मुनीर मानूस बरा हाय. त्याच्या शेजारी पाल लावलं तरी चालंल."