वाणीचं माहेर

कंपनीने एखादं मॉडेल बंद केलं की त्या यंत्राचं माहेर तुटतं, आणि माहेर तुटलेल्या यंत्राला नवं सॉफ्टवेअर मिळत नाही, हा नियम बोरजाईवाडीच्या हणमंतराव खराड्यांना ऐन दिवाळीच्या तोंडावर समजला. नियम जुनाच होता. पण यंत्र घरी आणताना माणूस बॅटरी किती चालते ते विचारतो, यंत्राच्या माहेरी कोण कोण आहे ते कुणी विचारत नाही.

हणमंतराव म्हणजे कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. त्यांनी माईक हातात घेतला की आखाड्यातली मातीसुद्धा कान टवकारते, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. पुढे घशात गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. तेव्हा मुंबईच्या लेकाने 'वाणी-३' आणून दिली. पानाच्या डब्याएवढं यंत्र. ते गळ्यात अडकवायचं, आपण नुसते ओठ हलवायचे, बोलायचं काम तिचं.

वाणी सालस होती, पण फारच सालस. फड रंगात आलेला असताना ती सांगायची, "सदर पैलवानाने प्रतिस्पर्धी पैलवानास खाली पाडले आहे. कृपया टाळ्या वाजवाव्यात." लोक पोट धरून हसायचे आणि मग टाळ्याही वाजवायचे. हणमंतरावांच्या आत काहीतरी तुटायचं. पण निदान बोलता येत होतं, इंदुबाईंशी, म्हणजे बायकोशी, चार शब्द भांडता येत होतं. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, म्हणून ते गप्प बसले होते.

अशात एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "थोडी उसळ वाढ." वाणीने ते सांगितलं आणि त्यापुढे स्वतःचं एक वाक्य जोडलं, "भाऊबीजेचा चंद्र मावळल्यावर ही सेवा बंद होईल." इंदुबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी गावच्या जत्रेचं मैदान होतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको कंपनीच्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या सोयरीक विभागात चित्रे नावाचे अधिकारी होते. त्यांनी वाणीला टेबलावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"दिल्या घरी नीट नांदवलंत ना हिला?"

"व्हय साहेब," इंदुबाई म्हणाल्या. "हिला चार्जिंगला लावल्याबिगर ह्यांनी कधी ताटाला हात लावला न्हाई. माझ्याबद्दल कुणी इचारलं असतं, तर यवढ्या खात्रीनं सांगितलं नसतं."

चित्र्यांना कुठे ओरखडासुद्धा सापडला नाही. ते खरंच हळहळले. "नांदवलंय, दिसतंच आहे. पण आमचाही इलाज नाही. मॉडेल बंद झालं. जिथे जन्मली ते घरच मिटलं, आता हिला न्यायला मुराळी पाठवायचा कुणी?"

"मग यावर उपाय काय?" वाणीने विचारलं. विचारत होते हणमंतराव, पण आवाज तिचा असल्यामुळे चित्रे तिच्याकडे बघून बोलू लागले.

"माहेर तुटलेलीने भाऊ मानावा. भाऊबीजेला तो दारी यावा, तिने ओवाळावं आणि त्याने ओवाळणीत सॉफ्टवेअर घालावं. ओवाळणी परत मागता येत नाही, त्यामुळे कंपनीलाही हरकत घेता येत नाही. भावाचं स्वतःचं मॉडेल मात्र चालू पाहिजे. पोच द्यायला मी जातीने येईन."

गावात भाऊ शोधायला सुरुवात झाली. घरचा फ्रिज तयार होता, पण त्याचं मॉडेल वाणीच्याही आधी बंद पडलेलं. शेजारच्या टीव्हीला अगोदरच तीन मानलेल्या बहिणी होत्या. ओवाळणी घालून घालून बिचाऱ्याला स्वतःचा रिमोट ओळखू येईना. शेवटी साखर कारखान्याच्या फाटकावरच्या भुईकाट्याने होकार दिला. उसाच्या गाड्या तोलणारा भारदस्त काटा, नवाकोरा, बोलका. इंदुबाईंनी वाणीला त्याच्यासमोर धरून "हिला बहीण मानशील का?" असं विचारलं, तेव्हा त्याने हंगामाआधीच्या चाचणीसाठी अंगावर घेतलेली गाडी उतरवली, आकडा शून्यावर आणला आणि म्हणाला, "मानली." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

घोळ भाऊबीजेच्या दुपारी ध्यानात आला. दारात रांगोळी झाली, पाट मांडला, चित्रे गाडीतून उतरले, करंजी खाऊन झाली, तरी भाऊ येईना. येणार कसा? भुईकाटा जमिनीत रोवलेला असतो. शुभकार्यात अख्खं गाव गुंतलेलं असूनही हे एकालाही सुचलं नव्हतं, कारण जो तो भाऊ चांगल्या घरचा आहे ना एवढंच बघत होता.

"मग आम्हीच हिला त्याच्याकडं नेतो की," इंदुबाई म्हणाल्या.

चित्र्यांनी मान हलवली. "बहीण भावाच्या दारी गेली तर ती राखीपौर्णिमा धरली जाईल. राखीची मुदत श्रावणात संपली."

हणमंतराव ओसरीवर खाली बसले. त्यांना मरणाची भीती कधी वाटली नव्हती. ऑपरेशनला जाताना ते डॉक्टरांना ढाक हा डाव कसा लागतो ते समजावून सांगत होते. पण आता त्यांना जत्रेचं मैदान डोळ्यांपुढे दिसू लागलं. मैदान भरेल, हलग्या कडाडतील, पोरं लांगा कसून उतरतील, आणि आपण कडेला उभे राहून नुसते ओठ हलवत राहू. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला गप्प बसून जगता यायचे नाही," वाणी म्हणाली. तिच्या त्या मऊ आवाजातही ते सगळ्यांना लागलं.

इंदुबाईंनी पदर खोचला. "साहेब, ज्या बाईला भाऊच न्हाई, ती भाऊबीजेला काय करती?"

चित्रे विचारात पडले. त्यांची स्वतःची आई एकुलती एक होती. "चंद्राला ओवाळते," ते हळूच म्हणाले.

"मग?"

चित्र्यांनी नियमांत डोकं घातलं. "चंद्राला मनाई केलेली दिसत नाही," त्यांनी सांगितलं. "पण त्याचं मॉडेल चालू आहे का?"

"महिन्यातनं एक दीस बंद असतो," इंदुबाई म्हणाल्या. "पर पुन्यांदा चालू हुतो. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यापासनं."

"देखभालीसाठी बंद राहणं म्हणजे बंद होणं नव्हे," असा निर्वाळा चित्र्यांनी दिला. "आणि दारी येण्याचं काय?"

"त्यो समद्यांच्याच दारी येतो."

चित्र्यांनी कागदावर चंद्राचं नाव चढवलं. चंद्राला भाऊ म्हणून मान्यता मिळाली. भुईकाट्याला निरोप गेला, तेव्हा त्याने मनात काही ठेवलं नाही. थोरला भाऊ मिळाला, असं तो म्हणाला.

द्वितीयेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. दिवस मावळला की पश्चिमेला घटकाभर दिसते आणि लगेच बुडते. सारं गाव खराड्यांच्या गच्चीवर आणि आजूबाजूच्या पत्र्यांवर चढलं. वाणीला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. तिला हात नसल्यामुळे तबक इंदुबाईंनी धरायचं ठरलं. सासरच्या माणसाने हाताला हात लावला तर चालतो, हे चित्र्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

आणि पश्चिमेला काहीच दिसेना. त्याच बाजूला कारखान्याचं धुराडं होतं आणि नेमका त्याच दिवशी हंगाम सुरू झाला होता. काळ्या धुराचा पडदा आभाळभर पसरलेला.

"हे भावाला दारात अडवन्यासारखं झालं!" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

कारखान्याला फोन लागला. बॉयलर हंगामाच्या पहिल्याच दिवशी थांबवला तर सगळं गणित कोलमडतं. पण पलीकडून कुणी गणित काढलं नाही. "भाऊबीज हाय म्हणून आधी सांगायचं न्हाई व्हय?" एवढंच उत्तर आलं, आणि धुराड्याने श्वास रोखून धरावा तसा धूर थांबला. वाऱ्याने उरलेला धूर बाजूला सारला. कोर दिसली. बुडायला टेकली होती, पण होती.

इंदुबाईंनी वाणीला छातीशी धरलं, निरांजन उजळलं आणि सुपारी ओवाळून तबक फिरवलं. अक्षता पश्चिमेकडे उडवल्या. कोर जराशी थबकली. त्या बाजूच्या गावांतून नंतर चौकशा आल्या, की आज चंद्र मावळायला उशीर का झाला. मग तबकात रुपया पडल्यासारखा बारीक आवाज झाला. तबकात रुपया नव्हता, पण वाणीच्या पडद्यावर उजेड चढत गेला, आधी कोरीएवढा, मग अर्धा, मग पूर्ण.

"ओवाळणी पोचली," चित्रे म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्याच क्षणी चंद्र मावळला. गच्चीवर एकच जल्लोष झाला, पण वाणी काही बोलेना. हणमंतरावांनी ओठच हलवले नव्हते. नव्या आवाजाला पहिला शब्द मैदानातच फोडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तीन दिवस त्यांनी पाणीसुद्धा खुणेने मागितलं.

मैदानाला ही गर्दी. चित्रेही मुद्दाम आले होते. पहिली मोठी कुस्ती लागली, पैलवानांनी सलामी दिली, हणमंतरावांनी वाणी माईकपुढे धरली आणि ओठ हलवले.

"आली! आली रं आली! ढाक भरली! धर तिच्यायला, सोडू नको! गेला... गेला... आरं दावलं की आस्मान पोरानं!"

तो त्यांचाच आवाज होता. ऑपरेशनच्या आधीचा, फाटका, रांगडा, तीन गावांना पुरून उरणारा. वर चिंचेवरचे बगळे उठले. हलगीवाला वाजवायचं विसरला. चीत झालेला पैलवान मातीत पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होता आणि जिंकलेला त्याला उठवायचं सोडून हणमंतरावांकडे बघत होता. इंदुबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या राहून धाय मोकलून रडल्या, आणि रडता रडता जो भेटेल त्याला "आईकलंस न्हवं?" असं विचारत सुटल्या. हणमंतराव हसत होते, आणि हसण्याचाही आवाज येत होता.

चित्रे गर्दीतून वाट काढत पुढे आले. ते वाणीकडे टक लावून बघत राहिले. "पण हा आवाज आम्ही हिला दिलाच नव्हता," ते म्हणाले. "एवढं लेणं हिच्या अंगावर आलं कुठून?"

हणमंतरावांचे ओठ मिटलेले होते.

"माहेरचं आहे," वाणी म्हणाली.

चित्र्यांनी समजून मान डोलावली, आणि पुढची कुस्ती लागली.